इंजिन गरम झाले की मोटारसायकल गुदमरते: कोणता सेन्सर तपासावा?

वाशिष्ठीकाठ
११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार. माझी मोटारसायकल १६० सीसीची, हवेने थंड होणारी, फ्युएल इंजेक्शनची आणि बीएस-६ मानकाची आहे. २०२१ च्या जानेवारीत ती नवी घेतली आणि आजवर ५२,००० किलोमीटर चालवली. कामासाठी आठवड्यातून तीनदा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडकडे जावे लागते, आणि घाटात मध्येच गाडी बंद पडली तर पावसात उभे राहण्यावाचून दुसरा इलाज नसतो, म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडतो आहे.

सकाळी गाडी पहिल्या बटणाला सुरू होते आणि पहिली पाच-सहा मिनिटे अगदी व्यवस्थित चालते. त्यानंतर इंजिन जसजसे गरम होते तसतसे बिघडत जाते. आयडलिंग एका जागी ठरत नाही, आरपीएम ११०० ते १८०० च्या दरम्यान वरखाली होत राहतो, गतिरोधकावर क्लच दाबला की इंजिन फडफडून बंद पडते आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करायचे झाले तर थ्रॉटल पूर्ण उघडून बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. सायलेन्सरमागे उभे राहिले की कच्च्या पेट्रोलचा वास येतो. पूर्वी लिटरमागे ४७ किलोमीटर मिळत होते, ते गेल्या दोन महिन्यांत ३४ वर आले आहे.

इंजिनाचा पिवळा दिवा लागत नाही. चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागतो आणि विझतो, म्हणजे दिवा चालू स्थितीत आहे. दोन गॅरेजमध्ये मिळून प्लग नवा टाकला, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ केला, टॅपेट सेट केले. तीनशे किलोमीटरनंतर नवा प्लग काढून पाहिला, तर त्यावर चुलीवरच्या भांड्याला धरते तशी कोरडी काळी काजळी होती. आता मला सांगितले आहे की सेन्सर थ्रॉटल बॉडीतच असतात, त्यामुळे पूर्ण असेंब्ली बदला, खर्च साडेसात हजार. तेवढे पैसे घालण्यापूर्वी नेमका कोणता सेन्सर बिघडला आहे हे घरी शोधता येईल का? माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो.

घाटमाथा
११ ऑक्टोबर, रात्री १०:१५

मला प्रथम पेट्रोलचा संशय येतो. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि आपली गाडी त्या आधीची आहे. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरून पेट्रोलपासून वेगळे झाले असेल. ते नसेल तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर पाहावा, कारण माझ्या गाडीत आरपीएम वरखाली होण्याचे कारण तोच निघाला होता.

शिल्पनिदेशक
१२ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक या व्यवसायाचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे बरेचसे काम इथेच होऊ शकते.

काळा, कोरडा प्लग, कच्च्या पेट्रोलचा वास आणि घटलेले ॲव्हरेज या तिन्ही गोष्टी एकच सांगतात, की मिश्रण रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. घाटमाथा यांनी इथेनॉलचा मुद्दा काढला. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्याच हिशोबाने तितकेच पेट्रोल सोडले तर मिश्रण उलट लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि लीन मिश्रणाने प्लग पांढुरका पडतो, काळा नाही. टाकीत पाणी असते तर सकाळीसुद्धा त्रास झाला असता. इनटेकच्या रबराला चीर गेली असेल असेही कुणी म्हणेल. पण जास्तीची हवा शिरल्याने रिच होणे हे सहसा घडत नाही. अपवाद फक्त एक: दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची नळी फाटली असेल, तर ईसीयूला, म्हणजे पेट्रोल किती सोडायचे ते ठरवणाऱ्या गाडीतल्या छोट्या संगणकाला, वाटते की इंजिनावर भार जास्त आहे आणि तो पेट्रोल वाढवतो. ती नळी हाताने चाचपून पाहा.

आता महत्त्वाचा भाग. गाडी थंड असताना चांगली आणि गरम झाल्यावर वाईट आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतेच, पूर्वी आपण त्यासाठी चोक ओढत होतो. इंजेक्शनच्या गाडीत हा चोक ईसीयू स्वतः देतो, आणि किती द्यायचा हे तो इंजिनाच्या तापमानाच्या सेन्सरवरून ठरवतो. म्हणून माझा पहिला संशय असा, की आपल्या गाडीचा चोक ओढलेलाच राहतो आहे, म्हणजेच इंजिन तापले आहे हे ईसीयूला कळत नाही.

अंदाजावर एकही भाग विकत घेऊ नका. सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरखाली सहा पिनांचे निदानाचे कपलर, म्हणजे वायरी जोडण्याचे सॉकेट, असेल. त्याचे सोळा पिनांचे ॲडॉप्टर आणि साधे ब्लूटूथ स्कॅनर मिळते. प्रत्येक ॲप प्रत्येक गाडीशी बोलत नाही, पण प्रयत्न करण्यासारखा आहे. जमले तर रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता केवळ चावी फिरवा आणि इंजिनाचे तापमान व आत येणाऱ्या हवेचे तापमान असे दोन्ही आकडे वाचा. रात्रभर थंड झालेल्या गाडीत हे दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत. ही चाचणी फुकटची आहे आणि ती मला सर्वांत जास्त भरवशाची वाटते.

वाशिष्ठीकाठ
१४ ऑक्टोबर, रात्री ८:२०

सर, मनापासून आभार. स्कॅनर मित्राकडून आणला आणि दुसऱ्या ॲपवर तो गाडीशी जोडला गेला. मॅपची नळी शाबूत आहे. आज सकाळी साडेसहाला, गाडी सुरू करण्यापूर्वी, ॲपमध्ये आत येणाऱ्या हवेचे तापमान २६ अंश होते आणि इंजिनाचे १४. मी तीनदा चावी बंद करून पुन्हा पाहिले, आकडा तोच. चिपळुणात ऑक्टोबरच्या सकाळी १४ अंश कधीच नसते.

त्यानंतर खेर्डीपर्यंत जाऊन आलो, वाटेत मुद्दाम वेळ काढला, एकूण अर्धा तास. इंजिनाला हात लावता येत नव्हता, तरी ॲपमधला आकडा हळूहळू चढून ३६ वर येऊन थांबला तो थांबलाच. थ्रॉटल बंद असताना थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे व्होल्टेज ०.६ होते, पूर्ण उघडल्यावर ४.३, आणि मध्ये कुठे तुटल्यासारखे वाटले नाही. ऑक्सिजन सेन्सर मात्र ०.८४ व्होल्टवर अडकून बसला आहे. मी वाचले आहे की तो ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत हलत राहायला हवा. म्हणजे दोन सेन्सर एकदम गेले की काय?

पानगळ
१४ ऑक्टोबर, रात्री ९:००

ऑक्सिजन सेन्सर अडकला आहे हे तर उघड दिसते आहे. पन्नास हजारांनंतर तो जातोच. तो बदला, बाकी सगळे आपोआप ठीक होईल.

शिल्पनिदेशक
१५ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

पानगळ, कृपया घाई नको. ऑक्सिजन सेन्सर धुराड्यातून जाणारा वायू तपासून सांगतो की मिश्रण रिच आहे की लीन, ०.४५ व्होल्टच्या वर रिच, खाली लीन. प्लग काळा आहे, पेट्रोलचा वास येतो आहे आणि सेन्सर ०.८४ म्हणजे रिच सांगतो आहे. जे आहे तेच तो सांगतो आहे, तर त्याला दोषी कसे धरायचे? तो हलताना दिसतो तो ईसीयूमुळे: सेन्सरने रिच म्हटले की ईसीयू पेट्रोल कमी करतो, लीन म्हटले की वाढवतो, आणि ही रस्सीखेच चालू असते तोवर आकडा वरखाली होतो. पण इंजिन थंड आहे असे ईसीयूला वाटत असेपर्यंत तो ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतच नाही, ठरलेले जास्तीचे पेट्रोल सोडत राहतो. आपल्या गाडीचा ईसीयू ३६ अंशांवर अडकला आहे, त्यामुळे ही रस्सीखेच सुरूच झालेली नाही.

वाशिष्ठीकाठ, आता दोन चाचण्या करा. पहिली: गाडी पूर्ण गरम झाल्यावर चावी बंद करा, सिलिंडर हेडवरच्या तापमानाच्या सेन्सरचे कपलर काढा आणि गाडी पुन्हा सुरू करा. चावी चालू असताना कपलर कधीही ओढू नका. पिवळा दिवा लागेल, त्याला घाबरू नका. सेन्सर तुटला आहे हे कळल्यावर पुष्कळ ईसीयू गरम इंजिनाचा एक ठरलेला आकडा गृहीत धरतात. इंजिन सुधारले तर दोष याच सर्किटमध्ये आहे हे सिद्ध झाले.

दुसरी: इंजिन थंड झाल्यावर सेन्सर काढून घरच्या पातेल्यात तपासा. हा एनटीसी जातीचा थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. नेहमी आढळणाऱ्या जातीत २० अंशांना साधारण अडीच किलोओम, ४० ला १.२ किलोओमच्या आसपास, ८० ला सव्वातीनशे ओम आणि १०० ला दोनशेच्या आत अशी उतरण असते. आपल्या गाडीचा नेमका तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. फक्त धातूचे टोक पाण्यात बुडवा, पिना कोरड्या ठेवा, आणि सेन्सर भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका.

थ्रॉटलच्या सेन्सरबाबत एक बाजूची सूचना. डिजिटल मीटर आकडा सावकाश बदलतो, त्यामुळे क्षणभराची तूट त्यात दिसत नाही; जुना काट्याचा मीटर मिळाला तर काटा कुठे दचकतो का ते पाहा.

वाशिष्ठीकाठ
१६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

दोन्ही चाचण्या केल्या, आणि आता मी पहिल्यापेक्षा जास्त गोंधळलो आहे.

कपलर काढून गरम गाडी सुरू केली तेव्हा पिवळा दिवा लागला आणि इंजिन १४०० आरपीएमवर एकसारखे चालू लागले. दोन महिन्यांनी हा आवाज ऐकला. ऑक्सिजन सेन्सर ०.८४ वरून उतरला आणि ०.२ ते ०.८ च्या दरम्यान हलू लागला. म्हणजे तो जिवंत आहे, सरांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

मग सेन्सर काढला. खोलीत, भिंतीवरचा तापमापक २६ दाखवत असताना, रोध २.० किलोओम. उकळत्या पाण्यात १९० ओम. मधल्या टप्प्यांवरही कुठे उडी नाही. सेन्सर निर्दोष आहे! तरीही मन मानेना म्हणून सहाशे रुपयांचा नवा सेन्सर आणून बसवला. पुन्हा तेच: गाडी तापली तरी आकडा ३६. आता ईसीयूच गेला असेल का? त्याची किंमत विचारायचीही हिंमत होत नाही.

पानगळ
१६ ऑक्टोबर, रात्री १०:५०

माझा ऑक्सिजन सेन्सरचा अंदाज चुकला, हे मान्य करतो. पण आता खरोखर ईसीयूच उरतो असे वाटते.

तारजोड
१७ ऑक्टोबर, दुपारी १:१५

मी चाकणला गाड्यांचे वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, तयार होतात तिथे तपासणी विभागात काम करते. धागा सुरुवातीपासून वाचते आहे. ईसीयूला हात लावण्यापूर्वी सेन्सर आणि ईसीयू यांच्यामधली वायर तपासा, कारण आपले सगळे आकडे तिच्याकडेच बोट दाखवत आहेत.

ईसीयू तापमान मोजत नाही, तो रोध मोजतो. आत ५ व्होल्ट आणि एक ठरलेला रोध असतो, बाहेर आपला सेन्सर. दोघांमध्ये व्होल्टेजची जी वाटणी होते तिच्यावरून ईसीयू तापमान काढतो. वाटेत कुठे कपलरमध्ये गंज चढला, तर त्याचा रोध सेन्सरच्या रोधात मिळवला जातो, आणि या जातीच्या सेन्सरमध्ये जास्त रोध म्हणजे थंड इंजिन. सरांनी दिलेला तक्ता घेऊन हिशोब करून पाहा. सकाळी सेन्सरचा रोध २.० किलोओम असायला हवा, पण ईसीयूला १४ अंश दिसतात म्हणजे सुमारे ३.२ किलोओम. फरक १.२. गाडी तापल्यावर सेन्सर दोनशे ओमच्या आसपास असतो, पण ईसीयूला ३६ अंश दिसतात म्हणजे सुमारे १.४ किलोओम. फरक पुन्हा १.२. थंड असो वा गरम, तोच १.२ किलोओम कुठेतरी मधे बसला आहे. थंड असताना तो सेन्सरच्या मोठ्या रोधापुढे फारसा जाणवत नाही. गरम झाल्यावर सेन्सर दोनशेवर येतो आणि सगळा आकडा या परक्या रोधाचाच उरतो. गाडी सकाळी चांगली आणि नंतर वाईट चालते याचे कारण हेच.

हे पक्के करण्याची चाचणी दोन मिनिटांची आहे. चावी बंद करून सेन्सरचे कपलर काढा, हार्नेसच्या बाजूच्या दोन टर्मिनलांना बारीक वायरने एकमेकांशी जोडा, मग चावी चालू करून ॲप पाहा. वायरिंग ठीक असेल तर ईसीयूला शून्य रोध दिसेल, आकडा शंभराच्या पुष्कळ वर जाईल किंवा पी-०११७ हा बिघाडाचा कोड येईल. माझा हिशोब बरोबर असेल तर मात्र ॲपमध्ये ४० च्या आसपास आकडा दिसेल. हा जोड फक्त या दोन टर्मिनलांचाच करा. थ्रॉटल सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरला चुकूनही असे करू नका. आणि कुणी टेस्ट लॅम्प लावू लागला तर त्याला थांबवा, त्याच्या बल्बला लागणारा करंट ईसीयूच्या नाजूक भागांना सोसत नाही.

गंज कुठे असेल याचाही थोडा अंदाज येतो. सेन्सरांची ग्राउंडची वायर बहुतेक गाड्यांत सामाईक असते. ती मुळाशीच खराब असती तर हवेचे तापमान आणि थ्रॉटलचे व्होल्टेज हेही बिघडले असते. ते दोन्ही ठीक आहेत, म्हणजे दोष फाट्याच्या अलीकडे, तापमानाच्या सेन्सरकडे जाणाऱ्या शेवटच्या तुकड्यात असण्याचा संभव जास्त आहे.

एक विचारते. गाडी कधी पाण्यात बुडाली होती का?

वाशिष्ठीकाठ
१९ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

ताई, आपला प्रश्न वाचला आणि काही वेळ काही सुचेना. होय. २२ जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या गल्लीत रात्रीतून पाणी चढले आणि ही गाडी, तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची, टाकीपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर चिखल धुतला, ऑइल दोनदा बदलले, इंजेक्टर आणि पेट्रोल पंप साफ केला, बॅटरी नवी घातली आणि गाडी सुरू झाली. त्यानंतर चार वर्षे तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून मी ते इथे लिहिलेच नाही. मला ते संपलेले प्रकरण वाटले होते.

आज सकाळी दोन्ही टर्मिनले जोडून ॲप पाहिले. आकडा ३९.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, ईसीयूचे कपलर काढले आणि एकेक वायर टोकापासून टोकापर्यंत मोजली. एक ०.३ ओम. दुसरी १.१९ किलोओम, आणि कपलरजवळ वायर बोटाने हलवली की आकडा ९०० ते १४०० च्या दरम्यान फिरत होता.

कपलरच्या मागचे रबरी सील चिमट्याने सरकवले तेव्हा त्याखाली तांबूस मातीचा एक पातळ थर निघाला, कोरडा, नखाने खरवडला की पिठासारखा सुटणारा. आमच्याकडे पुरानंतर भिंतींवर, कपाटांत, वह्यांच्या पानांत जी माती होती तीच ही माती. टर्मिनल बाहेर ओढले तर ते समोरून चकचकीत होते, म्हणून कपलर काढून पाहणाऱ्या कुणालाही शंका आली नसती. पण मागे, जिथे टर्मिनलचे पंख वायरला आवळतात, तिथे कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकावे तसा हिरवा थर होता आणि तांब्याच्या बहुतेक तारा तुटून पडल्या होत्या. इन्सुलेशन थोडे सोलले तर आतले तांबेही दोन बोटे लांबीपर्यंत काळे पडलेले दिसले.

आता दुरुस्ती कशी करू? तुटका भाग कापून वायरी पिळून टेप लावला तर चालेल का?

तारजोड
१९ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

पिळून टेप लावू नका. टेपच्या आत ओल धरते आणि पुढच्या पावसाळ्यात हाच धागा पुन्हा वर आणावा लागेल. पाणी तारांच्या मधल्या फटींतून इन्सुलेशनच्या आत चढत जाते, त्यामुळे काळे पडलेले तांबे संपेपर्यंत वायर मागे कापा. स्वच्छ, लालसर तांबे दिसले की थांबा. त्याच जाडीच्या वायरचा तुकडा जोडा, जोडावर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवा. कपलरच्या टोकाला त्याच मापाचे नवे टर्मिनल आणि नवे रबरी सील घ्या आणि टर्मिनल आवळण्याच्या पक्कडीने क्रिंप करा. साध्या पक्कडीने दाबलेले टर्मिनल घाटातल्या हादऱ्यांनी सैल होते. टर्मिनलवर सोल्डर ओतण्याचा मोह होतो, पण सोल्डर शोषलेली वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते.

बसवण्यापूर्वी कपलरमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या आणि सीलला थोडे डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारे, ग्रीस लावा. गाडी धुताना दाबाच्या पाण्याचा झोत सिलिंडर हेडवर आणि सीटखाली मारू देऊ नका. आणि माझी आग्रहाची विनंती अशी, की टाकीखालची बाकीची कपलरेही उघडून पाहा. पुराचे पाणी एकाच कपलरमध्ये शिरले नसेल.

रानवाट
१९ ऑक्टोबर, रात्री ९:१०

धागा वाचून पुष्कळ शिकायला मिळाले. मला एकच कळले नाही. सर्किटमध्ये एवढा मोठा दोष असूनही पिवळा दिवा का लागला नाही? दिवा लागत नाही म्हणजे सेन्सर ठीक आहेत, असे मला एका गॅरेजमध्ये सांगितले गेले होते.

शिल्पनिदेशक
२० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

ईसीयूला प्रत्येक सेन्सरसाठी दोन टोके ठरवून दिलेली असतात. व्होल्टेज जवळजवळ शून्य झाले तर वायर शॉर्ट आहे असे समजून तो पी-०११७ नोंदवतो. जवळजवळ ५ व्होल्ट झाले तर वायर तुटली असे समजून पी-०११८. त्या दोन टोकांच्या मधला कोणताही आकडा त्याला शक्य कोटीतला वाटतो. ३६ अंश तापमानाचे इंजिन जगात असू शकते, म्हणून त्याने ते खरे मानले. काही गाड्यांमध्ये अर्धा तास चालूनही तापमान का वाढत नाही हे तपासण्याची सोय असते, पण ती प्रत्येक गाडीत नसते. त्यामुळे दिवा न लागणे हा निर्दोष असल्याचा दाखला होत नाही. आणि दिवा लागला तरी कोड जे नाव सांगतो ते सर्किटचे असते, भागाचे नाही: त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, दोन वायरी आहेत, दोन कपलरे आहेत आणि ईसीयूची पिन आहे. वाशिष्ठीकाठ यांनी वायरला हात न लावता पाच सेन्सर बदलले असते तरी गाडी तशीच राहिली असती.

मी स्वतः त्यांना सेन्सर पातेल्यात तपासायला सांगितले, पण वायरीसह मोजायला सांगितले नाही. ते आधी सांगितले असते तर त्यांचे सहाशे रुपये वाचले असते. तारजोड यांनी तेच दुसऱ्या टोकाकडून मोजले आणि नेमके बोट ठेवले. त्यांचा हिशोबाचा परिच्छेद मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवला आहे.

वाशिष्ठीकाठ
२ नोव्हेंबर, रात्री ८:०५

दिवाळीच्या सुट्टीत काम पूर्ण केले. वायर चौदा सेंटिमीटर मागे कापावी लागली, तेव्हा स्वच्छ तांबे लागले. नवे टर्मिनल, नवे सील, ताईंनी सांगितले तसेच क्रिंप. जुनाच सेन्सर परत बसवला, नवा डिकीत ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी: हवा २४, इंजिन २४.

त्यानंतर चार वेळा घाट चढून आलो. चढाला आकडा १०० च्या पुढे जातो, उतारावर खाली येतो. आयडलिंग १४०० वर स्थिर आहे, पोफळीच्या चढावर मुद्दाम थांबून गरम इंजिन सुरू केले तर पहिल्या बटणाला सुरू झाले. टाकीपासून टाकीपर्यंत मोजले तेव्हा लिटरमागे ४५ किलोमीटर पडले. प्लग अजून थोडा काळसर आहे, पण कडा तपकिरी होऊ लागल्या आहेत. थ्रॉटल बॉडीचे साडेसात हजार वाचले; सगळा खर्च टर्मिनल, सील, वायर, ग्रीस मिळून साडेतीनशेच्या आत आला.

टाकी उतरवून बाकीची कपलरेही उघडली. इग्निशन कॉइलचे कोरडे होते. इंजेक्टरच्या आणि साइड स्टँडच्या स्विचच्या कपलरमध्ये तीच तांबूस माती निघाली, अजून गंज नव्हता. दोन्ही साफ करून सील बदलले.

आमच्या गल्लीत त्या रात्री आणखी सहा दुचाकी पाण्यात होत्या, त्यांतल्या तीन अजून इथेच आहेत. स्कॅनर मित्राला परत देण्यापूर्वी आज सकाळी त्या तिन्ही गाड्यांची चावी मालकांच्या परवानगीने फिरवून पाहिली. दोघींचे आकडे जुळले. तिसरी शेजारच्या काकूंची स्कूटर आहे, तिचे ॲव्हरेज गेल्या वर्षापासून कमी झाल्याचे त्या सांगत होत्या. हवा २४, इंजिन १९. येत्या रविवारी तिचे कपलर उघडणार आहे.